कराडचं दही

“सर, गाडीत पाणमांजर आहे का?”

कॅन्ससमधल्या त्या पोलिसाने हे इतक्या सहज विचारलं, की इकडे हा नेहमीचाच प्रश्न असावा असं एकनाथला वाटलं. लायसन्स, इन्शुरन्स, पाणमांजर.

“नाही,” तो म्हणाला. मग उगाच खोटं बोलल्यासारखं वाटून त्याने पुस्ती जोडली, “सध्या नाही.”

शेजारच्या सीटवर त्याच्या मुलीने, आन्याने, डोळे मिटून घेतले.

मागच्या सीटवर एक पांढरी पेटी पट्टा लावून बसली होती. तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: जिवंत नमुना, पाणमांजर, हलवू नये. खाली फॅरनहाइटमधल्या तापमानाचा हिरवा आकडा दिसत होता. पेटी आन्याच्या कामावरची. आन्या मिनेसोटातल्या एका प्राणिसंग्रहालयात पाणमांजरं सांभाळायची. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी विचारलंच तर एकनाथ ‘हेल्थकेअरमध्ये आहे’ असं सांगायचा, आणि पाणमांजरांच्या बाजूने बघितलं तर ते खरंही होतं.

“ऑफिसर, इट्स माय डॅड्स योगर्ट,” आन्या म्हणाली.

पोलिसाने पेटी उघडायला लावली. आत बर्फाच्या पिशव्या, त्यांच्या मधोमध रुमालात गाठ मारून बांधलेला स्टीलचा डबा, डब्यात दही. पोलिस बराच वेळ दह्याकडे बघत राहिला. दह्याने काहीच केलं नाही.

“पण हे जिवंत आहे असं लिहिलंय.”

“टेक्निकली, येस.”

पोलिसाने झाकण परत लावलं. नीट लावलं, हे एकनाथने बघून घेतलं.

“मी तुम्हाला का थांबवलं माहीत आहे का, सर?”

“पाणमांजरासाठी?”

“पासष्टच्या रस्त्यावर तुम्ही अडतीसने चालला आहात. तुमच्या मागे एक हार्वेस्टर कधीचा हॉर्न वाजवतोय.”

एकनाथने आरशात बघितलं. मागे खरंच एक हार्वेस्टर होता, आणि वरच्या काचेच्या खोलीतला माणूस कणीस खात होता. “हलवलं की त्याला पाणी सुटतं,” एकनाथ म्हणाला. हार्वेस्टरला नव्हे, दह्याला, हे पोलिसाला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने तंबी देऊन सोडलं.

एकनाथ एकसष्ट वर्षांचा होता. ईडन प्रेरीतल्या एका विमा कंपनीत तो एक जुना प्रोग्राम सांभाळायचा. तो कोणी लिहिला ते कोणालाच माहीत नव्हतं. लिहिणारा बहुधा वारला होता. कंपनी दर काही वर्षांनी नवी सिस्टिम आणायची, पण तिच्यात जुन्यातला एक तुकडा घातल्याशिवाय ती चालू व्हायची नाही. तो तुकडा कुठला, एवढं एकनाथला ठाऊक होतं. तेवढ्यावर त्याने घर घेतलं, मुलगी वाढवली, आणि नोकरकपातीच्या प्रत्येक लाटेत कोरडा राहिला. ऑफिसात त्याच्याशी फारसं कोणी बोलत नसे. त्याला उगाच धक्का लागू नये, असा एकूण सूर होता.

दही लतिकाचं. लतिका त्याची बायको. लग्न होऊन अमेरिकेला निघताना तिने आईच्या विरजणात एक रुमाल बुडवून वाळवला आणि पर्समध्ये टाकला. विमानतळावर कोणी विचारलं तर सर्दी झालीय म्हणायचं ठरलं होतं. इथे आल्यावर रुमाल कोमट दुधात पडला आणि सकाळी दही लागलं. तेव्हापासून रोज त्यातला एक चमचा पुढच्या दुधात. आईचं दही आजीचं, आजीचं तिच्या सासूचं. हा इतिहास एकनाथ घरी जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. “दुकानातलं नाही हां. ते निळ्या झाकणाचं मिळतं ना, ते दही नाही, भिंतीला लावायचा चुना.” तो इथवर आला की लतिका मीठ आणायला उठायची. मीठ टेबलावरच असायचं.

गेल्या नोव्हेंबरात लतिका गेली. थोडेच दिवस आजारी होती. भेटायला आलेले सगळे परत गेल्यावर फ्रीजमध्ये तिने लावलेल्या दह्याची एक वाटी उरली होती. एकनाथने ती ओट्यापाशी उभ्याउभ्याच भातावर ओतली, कालवली, खाल्ली आणि वाटी बोटाने पुसून घेतली. विरजणाला चमचाभर ठेवायचं असतं, हे त्याला बोट तोंडात असताना आठवलं.

त्याने बोट लगेच बाहेर काढलं. त्याचा उपयोग नव्हता.

मग त्याला मृणालिनीवहिनी आठवल्या. त्या आणि त्यांचे यजमान संजय पूर्वी ईडन प्रेरीत शेजारीच राहायचे. संजयच्या नोकरीमुळे पुढे ते टेक्ससला, फ्रिस्कोला गेले. शेजारी असताना लतिकाने त्यांना आपलं विरजण दिलं होतं. एकनाथने फोन करून विचारलं, “वहिनी, ते अजून चालू आहे का हो?” पलीकडे फ्रीजचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, “आहे की.”

मार्चमध्ये तो विमानाने गेला आणि डबा घेऊन परत निघाला. तपासणीच्या बाईंनी सांगितलं की दही द्रवपदार्थात मोडतं. एकनाथने हे मान्य केलं नाही. लतिकाच्या घरी चांगल्या दह्याची परीक्षाच अशी होती की वाटी उलटी केली तरी ते पडता कामा नये. त्याने डबा उघडला आणि सगळ्यांसमोर उलटा धरला. दही पडलं नाही. रांगेतल्या एक-दोघांनी मान डोलावली. बाईसुद्धा विचारात पडल्या. मग ते पडलं. सरकत्या पट्ट्यावरून ते एकाच्या लॅपटॉपसोबत यंत्रात गेलं आणि पलीकडून बाहेर आलं. चेक-इनच्या बॅगेत टाकलं असतं तर काही प्रश्न नव्हता, हे त्याला नंतर सगळ्यांनी सांगितलं.

म्हणून जूनमध्ये तो गाडीने परत गेला. आन्या सोबत आली. का, ते तिने सांगितलं नाही. पेटी मात्र तिनेच आणली.

गाडी लतिकाची होती. लतिकाला ट्रकची धास्ती, म्हणून तिने नकाशात ‘मोठे रस्ते टाळा’ असं करून ठेवलं होतं. त्यामुळे गाडी त्यांना टेक्ससपासून मिनेसोटापर्यंत अशा अशा गावांतून नेत होती, जिथे लोक गाडीची नंबरप्लेट वाचायला बाहेर येत.

“बाबा, आय कॅन फिक्स दॅट इन टू सेकंड्स,” आन्या म्हणाली.

“राहू दे.”

तिने राहू दिलं. ओक्लाहोमा गेलं, कॅन्सस आलं. गवताच्या टेकड्या एकामागून एक येत राहिल्या, त्यांच्यावर एकही झाड नाही, फक्त ढगांच्या सावल्या आणि मध्येच एखादी गाय, कोणीतरी विसरून गेल्यासारखी. सीनिक होतं, हे एकनाथलाही कबूल करावं लागलं. प्रत्येक गावात एक पाण्याची टाकी, तिच्यावर गावाचं नाव, म्हणजे गाव चुकून दुसरीकडे जायला नको. एक चर्च, समोर त्याच्याशी पटत नसलेलं दुसरं चर्च. एका गावाच्या वेशीवर लोखंडाचा प्रचंड नाकतोडा होता आणि पाटीवर लिहिलं होतं, देशातला दुसऱ्या क्रमांकाचा सर्वांत मोठा नाकतोडा. आन्याने त्याचा फोटो काढला. पहिल्या क्रमांकाचा कुठे आहे, असं एकनाथने पेट्रोल पंपावरच्या माणसाला विचारलं. त्या माणसाने खिडकी लावून घेतली.

रात्री मुक्कामाला त्याने फ्रीज असलेली खोली मागितली. स्वतःसाठी त्याची काही अट नव्हती.

दुसऱ्या दिवशी नेब्रास्कात पेटीचा हिरवा आकडा चढायला लागला. गाडीचा सॉकेट बंद पडला होता.

“बाबा. फॉर्टी सिक्स. फॉर्टी नाइन.”

“बर्फ बघ कुठे मिळतो का.”

“इथे ट्री पण मिळत नाहीये.”

एकनाथने पहिल्यांदाच साठच्या वर गाडी नेली. पुढच्या गावाच्या तोंडाशी एक टपरीवजा दुकान होतं, बाहेर पाटी: बर्फ आणि गांडुळं. आत मासेमारीची टोपी घातलेली एक पांढऱ्या केसांची बाई बसली होती. आन्या तिच्या फ्रीजरमधून बर्फ उपसायला लागली. एकनाथ पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होता, बाळ डॉक्टरकडे आणल्यासारखा. बाईने पेटीवरची लाल अक्षरं वाचली, डब्यात डोकावून बघितलं.

“हे कसलं आमिष?”

“दही आहे,” एकनाथ म्हणाला.

“दह्याने काय पकडता?”

एकनाथने प्रामाणिकपणे विचार केला. “मला पकडलं होतं,” तो म्हणाला.

बाईने बर्फाचे पैसे घेतले नाहीत. गांडुळं हवीत का, तेवढं विचारलं.

बाहेर लाकडी बाकावर बसून त्यांनी मृणालिनीवहिनींनी दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. पेटी तिसऱ्या बाजूला बसली. आकडा हळूहळू उतरत होता.

“हाउ डिड इट पकडा यू?” आन्याने विचारलं.

“कराडला मुलगी बघायला गेलो होतो. पोह्यांबरोबर दही आलं. मी दुसऱ्यांदा मागून घेतलं. त्या नादात मुलीकडे बघायचं राहिलं.”

“बाबा. सीरियसली?”

“तुझी आई म्हणायची, तू दह्याला होकार दिलास, मी सोबत आले.”

आन्याने उरलेली पुरी दोघांत मोडली. दह्यासोबत ती छान लागली असती, पण तसं कोणी सुचवलं नाही.

मृणालिनीवहिनींचा फोन आला तेव्हा ते आयोवाच्या वरच्या अंगाला होते. दोन्हीकडे गुडघाभर मका आणि मक्यातून उगवल्यासारख्या पवनचक्क्या. फोन गाडीच्या स्पीकरवर लागला.

“भाऊजी, कुठवर आलात?”

“आयोवात. दही ठीक आहे, वहिनी. मध्ये जरा ताप आला होता, उतरला.”

“गाडी जरा बाजूला घेता का?”

मागून संजयचा आवाज आला, “अगं, कशाला आता. पोचू तर दे त्यांना.”

“तू गप्प बस रे. मला नाही राहवत.”

एकनाथने एका पवनचक्कीखाली गाडी उभी केली.

“ते दही लतिकाचं नाहीये,” मृणालिनीवहिनी म्हणाल्या.

आन्याने मागे वळून पेटीकडे बघितलं. आकडा सदतीस होता. तो सदतीसच राहिला.

“म्हणजे तिने दिलेलं विरजण पहिल्याच महिन्यात संपलं. आमच्या शिवने साखर घालून खाऊन टाकलं, चार वर्षांचा होता. परत मागायला गेले असते तर लतिकाने केवढं ऐकवलं असतं, तुम्हाला माहितेय ती. मग मी दुकानातलं आणलं आणि त्याचं लावलं.”

“कुठलं?”

“निळ्या झाकणाचं.”

पवनचक्कीचं एक पातं खाली आलं, मग दुसरं.

“मार्चमध्ये का नाही बोललात?”

“बोलणारच होते. पण तुम्ही दारात उभे राहिलात ते लतिकाचा रुमाल हातात घेऊन. कसं बोलणार, यार? मग ते एअरपोर्टवर सांडलं. म्हटलं, सुटले. तर तुम्ही गाडीने परत आलात.”

एकनाथला यात चूक काढता येईना.

“आणि अजून एक आहे,” त्या म्हणाल्या.

“झालं,” मागून संजय म्हणाला.

“लतिका तिच्या बाबांच्या आजारपणात कराडला गेली होती, आठवतंय? चांगले दोन महिने. दही तुमच्यावर सोपवून.”

“फ्रीजरमध्ये ठेवलं होतं मी,” एकनाथ म्हणाला. इतक्या वर्षांनंतरही त्याच्या आवाजात किंचित रुबाब आला. “हवाबंद. वर तारीख घालून.”

“ते जागलं नाही, भाऊजी. आल्यावर तिने तीनदा लावून बघितलं. मग आली माझ्याकडे. म्हणाली, माझंच मला परत दे. मी काय देणार? जे होतं ते दिलं. मी त्याच दुकानातल्या डब्यात लावायचे. तिने चमचाभर खाऊन बघितलं आणि म्हणाली, आपलंच आहे. झाकण तिथे ओट्यावरच होतं, भाऊजी. निळं. तिने ते बघितलं. तिने बघितलं हे मी बघितलं. मग आम्ही चहा घेतला.”

“आन्या तेव्हा सहावीत होती,” एकनाथ म्हणाला.

“हो. तेव्हापासून तुमच्याकडे तेच. आणि मी माझं मोडू दिलं नाही, भीतीने. इकडे येताना पण मांडीवर घेऊन आले. आत्ता तुमच्या गाडीत आहे ते तेच. म्हणजे ते तिचं नाही. आणि तिचंच आहे. मला काही सुधरत नाहीये. दोन दिवस झोप नाही मला.”

एकनाथने स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसली.

“पुऱ्या छान झाल्या होत्या, वहिनी,” तो म्हणाला. “झोपा आता थोडं.”

फोन बंद झाला. पवनचक्कीची सावली बॉनेटवरून जात होती, येत होती.

लतिका कराडहून परत आली तो दिवस एकनाथला चांगला आठवत होता. बॅगा हॉलमध्येच टाकून ती स्वयंपाकघरात आली, आणि त्याने फ्रीजरचं दार उघडून दाखवलं. डबा, डब्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर त्याच्या अक्षरातली तारीख. तिने डबा हातात घेतला. दगडासारखा होता. ‘छान ठेवलंस रे,’ ती म्हणाली. हा प्रसंगही तो पुढे पाहुण्यांना सांगायचा. इतिहासात त्याचं स्वतःचं असं तेवढं एकच काम होतं.

“म्हणून मीठ,” आन्या म्हणाली.

“हं.”

थोड्या वेळाने ती म्हणाली, “सो वी कुड हॅव जस्ट गॉन टु द स्टोअर. घरापासून टेन मिनिट्स.”

“हो,” एकनाथ म्हणाला. “पण तिथे पार्किंग मिळत नाही.”

त्याने गाडी परत रस्त्यावर घेतली. नकाशातल्या बाईने डावीकडे वळायला सांगितलं, आणखी एका पाण्याच्या टाकीच्या दिशेने. तो वळला. मागून एक ट्रॅक्टर आला, काही काळ हॉर्न वाजवत राहिला, मग बाजूने पुढे निघून गेला. आन्याने काट्याकडे बघितलं. अडतीस.

रविवारी दुपारी प्रीता आणि श्रीरंग जेवायला आले. दोघं तरुण, मृणालिनीवहिनींच्या जुन्या घरात नुकतेच पार्सिपनीहून राहायला आलेले. येताना भरली वांगी घेऊन आले. एकनाथ टेक्ससहून दही घेऊन आलाय ही बातमी गल्लीत पसरली होती. पाणमांजराचीही पसरली होती, पण ती वेगळी.

आदल्या संध्याकाळी एकनाथने दूध तापवलं होतं, ते कोमट झालं का ते बोट घालून बघितलं होतं, मग जरा थांबून परत बघितलं होतं. दही लागलं होतं. त्याने सगळ्यांत आधी एक चमचा छोट्या वाटीत बाजूला काढून फ्रीजमध्ये ठेवला आणि मग टेबलावर भांडं आणलं.

“काका, हेच का ते?” श्रीरंगने विचारलं. “आम्ही लई ऐकलंय याच्याबद्दल.”

“थांब, आधी खाऊन बघ.”

श्रीरंगने वाटी उलटी करून बघितली. दही पडलं नाही. प्रीताने त्याच्या हातावर चापटी मारली. “घर आहे का लॅब? सॉरी हं काका.” मग दोघांनी खाल्लं.

“कसलं भारी आहे,” प्रीता म्हणाली. “आपण ते निळ्या झाकणाचं आणतो, त्याला ही चवच नाही.”

आन्याने ताटातून मान वर केली नाही.

“लतिकाच्या घरचं,” एकनाथ म्हणाला. “तिच्या आजीच्या सासूपासूनचं. कराडहून आणलं तिने, रुमालात. विमानतळावर सर्दी झालीय म्हणायचं ठरलं होतं.” दोघं हसले. याच्यापुढे दुकान यायचं, चुना यायचा. एकनाथने पळीने भांड्यातलं दही कडेने सारखं केलं.

“मीठ आणतो,” तो म्हणाला आणि उठून आत गेला.

“मीठ तर इथेच—” म्हणत प्रीताने टेबलावर नजर फिरवली. मीठ नव्हतं. आन्याने मिठाची बाटली केव्हाच उचलून टेबलाखाली मांडीवर घेतली होती. आत एकनाथ स्वयंपाकघरातलं एकेक कपाट उघडत होता, सावकाश, आणि एकेक लावून घेत होता.